अनिवार्य विजयाचा घाट

प्रत्येक वाङ्मयप्रकाराला एक मूळची अट असते, आणि त्या अटीशी झगडतानाच त्याचे खरे सामर्थ्य प्रकट होते. सुनीताला चौदा ओळींची अट आहे. नाटकाला रंगमंचाची आणि प्रेक्षकाच्या काही तासांच्या धीराची आहे. बखरीला कोणा धन्याच्या पृच्छेला उत्तर दिल्याचा आविर्भाव सांभाळावा लागतो. संगणकावर एकट्याने खेळावयाच्या युद्धमोहिमेची अट या सर्वांहून कठोर आहे. तेथे जिंकल्याखेरीज पान उलटत नाही. कादंबरीतील नायक हरला तरी वाचक पुढे जातो. किंबहुना नायक हरतो म्हणूनच तो अधिक उत्कंठेने पुढे जातो. मोहिमेत खेळणारा हरला तर कथाच थांबते, आणि तेच प्रकरण पुन्हा पहिल्यापासून मांडले जाते. या घाटात कथा आणि विजय एकमेकांना इतके जखडलेले आहेत की पराभवाची कथा तेथे सांगावी कशी, हा त्याच्यापुढील केवळ तांत्रिक प्रश्न राहत नाही; तो सौंदर्यशास्त्राचा प्रश्न होतो.

ज्या वाचकांचा या प्रकाराशी परिचय नसेल त्यांच्यासाठी थोडे स्पष्टीकरण आवश्यक आहे. ज्याला रिअल टाइम स्ट्रॅटेजी म्हणतात त्या खेळात खेळाडू रणभूमीकडे उंचावरून पाहतो. त्याच्या आज्ञेने कामकरी लाकूड तोडतात, सोने खणतात, छावणी उभारतात. त्या साधनसामग्रीतून सैन्य उभे राहते. आणि बुद्धिबळाप्रमाणे येथे पाळीपाळीने चाल नसते, शत्रूही त्याच क्षणी आपले डाव टाकीत असतो. नकाशाचा जो भाग आपल्या माणसांच्या दृष्टीपलीकडे असेल तो अंधारात राहतो. अशा लढायांची एक मालिका, मधूनमधून संवाद आणि चित्रदृश्ये यांनी गुंफलेली, म्हणजे मोहीम. मूळ खेळाला जोडून पुढे जी स्वतंत्र पुरवणी विकली जाते तिला एक्स्पान्शन म्हणतात. वाङ्मयदृष्ट्या ही पुरवणी अनेकदा मूळ खेळाहून लक्षणीय ठरते. मूळ खेळाला खेळाडूला अक्षरओळख करून द्यावी लागते. पुरवणी ती गृहीत धरते. शिवाय मूळ कथेत मोठा विजय झालेला असतो, आणि पुरवणीला त्या विजयानंतर काय उरले ते सांगावे लागते. रामायणाच्या संदर्भात उत्तरकांडाचे, अथवा भवभूतीच्या ‘उत्तररामचरिता’चे जे स्थान आहे, तेच थोड्याफार फरकाने तिचे आहे. रावण मारून झाला आहे. आता सीतेचे काय?

या प्रश्नाची निकड दिल्लीच्या परिसरात जितकी जाणवते तितकी अन्यत्र क्वचितच जाणवेल. दिल्लीहून उत्तरेस जाणाऱ्या एकाच रस्त्यावर पानिपत आहे, कर्नाल आहे, आणि त्यापलीकडे तरावडी, म्हणजे इतिहासातील तराई आहे. पानिपत आणि कर्नाल हे दोन्ही जिल्हे आज राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात मोडतात. ११९१ आणि ११९२ या लागोपाठच्या वर्षांतील तराईच्या दोन लढाया, पानिपतची १५२६, १५५६ आणि १७६१ ही तीन युद्धे, १७३९ मधील नादिरशहाचा कर्नालचा विजय, आणि १८५७ मध्ये दिल्लीला पडलेला वेढा. एवढ्या निर्णायक लढाया इतक्या लहान टापूत साठलेल्या आहेत. त्यांतील बहुतेक लढाया दिल्लीच्या बाजूने पाहिल्यास पराभवाच्या आहेत. आणि याच टापूतील तरुणांच्या दोन पिढ्या नेहरू प्लेसच्या दुकानांतून खेळांच्या तबकड्या आणून, सरळ मार्गाने आणलेल्या आणि बहुधा अधिक संख्येने वाकड्या मार्गाने आणलेल्या, काल्पनिक राज्यांच्या लढाया जिंकत वाढल्या. त्या खेळांनी दिल्लीच्या खऱ्या रणभूमीचे काय केले, हे पाहणे म्हणूनच बोधप्रद आहे.

‘एज ऑफ एम्पायर्स’ या मालेतील दुसऱ्या खेळाला २०१३ मध्ये ‘द फरगॉटन’ ही पुरवणी जोडली गेली. तीत पृथ्वीराज चौहानाची मोहीम आहे. तिचा आधार इतिहासापेक्षा ‘पृथ्वीराज रासो’च्या परंपरेचा अधिक आहे. संयोगितेचे हरण हा रासोतील प्रसंग येथे खेळण्याचे एक प्रकरण होऊन येतो: कनौजला जावयाचे, राजकन्येला घ्यावयाचे आणि पाठलाग चुकवीत बाहेर पडावयाचे. हा प्रसंग खेळाला आयता मिळाला आहे, कारण तो स्वभावतःच जिंकण्याजोगा आहे. परंतु ११९२ चे काय करावे? पृथ्वीराजाने ती लढाई हरावी असे कार्य खेळाडूवर सोपविता येत नाही. रासोपुढेही हीच अडचण होती, आणि आंधळ्या कैदी राजाने शब्दाच्या रोखाने बाण सोडून घोरीला मारल्याची आख्यायिका हे लोककवीने त्यावर शोधलेले उत्तर होय. पराभव टाळता येत नाही म्हणून त्याच्यामागे एक विजय जोडून द्यावयाचा. लोकमनाला आणि संगणकाच्या खेळाला येथे सारखीच गरज पडलेली दिसते. दोघांनाही नायकाचा पराभव हा शेवट म्हणून सोसवत नाही.

२०२२ मध्ये त्याच खेळाच्या नव्या आवृत्तीसाठी ‘डायनॅस्टीज ऑफ इंडिया’ ही पुरवणी निघाली. तिच्यात राजेंद्र चोल, पाल राजा देवपाल आणि बाबर यांच्या तीन मोहिमा आहेत. तपशिलाच्या बाबतीत ही पुरवणी पूर्वीच्या मानाने पुष्कळच चोखंदळ आहे. ‘भारतीय’ या एकाच सरसकट नावाखाली कोंबलेली संस्कृती तिने चार नावांत विभागली. गुर्जरांना तर पाळीव जनावरे न मारता गिरणीत बांधून त्यांच्यापासून अन्न मिळविण्याची सोय दिली. अशा बारीक नियमांतून एखादी संस्कृती जितकी सूचित होते तितकी ती लांबलचक प्रस्तावनेतून होत नाही. परंतु पानिपतची रणभूमी येथे येते ती १५२६ ची, आणि ती बाबराच्या बाजूने. पराभवाच्या प्रश्नाला दिलेले हे सर्वांत सोपे उत्तर: जेत्याची बाजू निवडावी, म्हणजे प्रश्नच उद्भवत नाही. बाबराच्या आयुष्यात पराभवांची वाण नव्हती. समरकंद त्याने तीनदा जिंकले आणि तीनदा गमावले. त्याच्या आत्मचरित्राची गोडी त्या गमावण्यात अधिक आहे. तथापि मोहिमेचा कल अपरिहार्यपणे दिल्लीकडे, म्हणजे लाभाकडे, झुकतो.

तिसरे उदाहरण मराठी वाचकाला अधिक जवळचे वाटेल. २००७ च्या ‘द एशियन डायनॅस्टीज’ या पुरवणीतील भारतीय मोहीम १८५७ च्या उठावावर बेतलेली आहे. तिचा नायक कंपनीच्या चाकरीतील एक ब्राह्मण अंमलदार असून त्याचे नाव नानिब साहिर आहे. हे नाव कानी पडताच मराठी मनाला ब्रह्मावर्ताचे नानासाहेब आठवल्याखेरीज राहत नाहीत, आणि या ओढूनताणून केलेल्या वर्णविपर्यासाचे हसूही येते. नायक प्रथम कंपनीसाठी लढतो, इंग्रज कर्नलाची क्रूरता पाहून त्याचे मन फिरते, तो बंडात सामील होतो, आणि मोहिमेचा शेवट त्या कर्नलाशी हिशेब चुकता करण्यात होतो. एका दुष्ट माणसाचा पाडाव दाखवून साम्राज्याच्या जयाकडे डोळेझाक करण्याची ही युक्ती आहे. सप्टेंबर १८५७ मध्ये दिल्ली पडली, शहर लुटले गेले, बादशहा रंगूनला गेला. हे सारे खेळाच्या चौकटीबाहेर राहते. येथे इतिहासाचा विपर्यास झाला ही तक्रार दुय्यम आहे. कथेतील वजनच नाहीसे झाले, ही खरी तक्रार. ज्या नायकाने सर्वस्व गमावले त्याला किरकोळ विजय देऊन निरोप दिला, तर त्याच्या गमावण्याचा अर्थ कोणी सांगावयाचा?

हा प्रश्न जगाला आज नव्यानेच पडलेला नाही. भरताच्या नाट्यशास्त्राने कार्याच्या ज्या पाच अवस्था सांगितल्या, आरंभ, प्रयत्न, प्राप्त्याशा, नियताप्ती आणि फलागम, त्यांतही शेवट फलप्राप्तीचाच आहे. नायकाला फळ मिळालेच पाहिजे. संगणकीय मोहिमेचे वर्णन करण्यास याहून नेमकी परिभाषा पाश्चात्त्य टीकेतही सापडणार नाही: शत्रूचा प्रथम परिचय, साधनांची जमवाजमव, यशाची अंधुक आशा, मधला अडथळा दूर झाल्यावरची निश्चिती, आणि अखेर विजयाचा फलक. संस्कृत नाटकावर शोकान्तिका नसल्याचा जो आक्षेप वारंवार घेतला जातो तो या खेळांवरही घेता येईल. परंतु भासाच्या नावावर असलेले ‘ऊरुभंग’ हे एकांकी नाटक, जे त्रिवेंद्रमला गणपतिशास्त्रींनी उजेडात आणले, हा आक्षेप गुंतागुंतीचा करून टाकते. तेथे मांडी मोडलेला दुर्योधन रंगमंचावर प्राण सोडतो, आणि तो मरताना पराभूत वाटत नाही. भीमाने फळ मिळविले आहे खरे, पण ज्या अधर्माने ते मिळाले तो प्रेक्षकाच्या मनातून जात नाही. फलागम आहे, फक्त त्या फळाची चव पालटली आहे. अनिवार्य विजयाच्या घाटाला पराभव सांगावयाचा असेल तर बहुधा हाच एक मार्ग मोकळा आहे. विजय टाळावयाचा नाही, तो कडू करावयाचा.

या मार्गाने सर्वांत दूर गेलेली कृती इतिहासाच्या नव्हे, तर अद्भुताच्या प्रांतातली आहे. ब्लिझर्ड या अमेरिकन संस्थेने २००२ मध्ये ‘वॉरक्राफ्ट’ मालेतील तिसरा खेळ प्रसिद्ध केला आणि जुलै २००३ मध्ये त्याची ‘द फ्रोझन थ्रोन’, म्हणजे गोठलेले सिंहासन, ही पुरवणी आणली. मूळ खेळात लॉर्डेरॉनचा राजपुत्र आर्थस आपल्या प्रजेला एका मृत्युरोगापासून वाचवू पाहतो. स्ट्रॅथोम नगरात पोहोचताच त्याला उमगते की दूषित धान्य लोकांनी आधीच खाल्ले आहे. ते लवकरच प्रेतपिशाच्चे होऊन शत्रूचे सैनिक बनतील. आर्थस त्या नगराची कत्तल करावयाचे ठरवितो. त्याचा गुरू उथर नकार देतो, प्रेयसी जेना पाठ फिरवून निघून जाते, आणि आता ते काम खेळाडूने करावयाचे असते. शत्रूही तेच नगर गिळत चाललेला असतो. जो आधी शंभराचा आकडा गाठील तो जिंकला. खेळाडू घाईने घरे फोडू लागतो. प्रथम त्याला संकोच वाटतो, पण शत्रूचा आकडा पुढे जाताना दिसला की संकोच मागे पडतो आणि केवळ चढाओढ उरते. या काही मिनिटांत जे घडते ते शेक्सपिअरच्या मॅकबेथलाही, आणि शिरवाडकरांनी ‘राजमुकुट’मध्ये मराठीत आणलेल्या त्याच्या अवतारालाही, साधता आलेले नाही, कारण तेथे प्रेक्षक खून पाहतो, येथे तो मोजतो. पुढे आर्थस एक शापित तलवार मिळवितो, आत्मा गमावतो आणि स्वतःच्या पित्याचा सिंहासनासमोर वध करतो. प्रत्येक प्रकरण खेळाडूने जिंकलेले असते.

‘द फ्रोझन थ्रोन’ येथून पुढे जाते. तिच्या तीन मुख्य मोहिमा तीन वेगळ्या पक्षांच्या आहेत, आणि त्यांची मांडणी हाच तिचा खरा आशय आहे. पहिल्या मोहिमेत खेळाडू मायेव्ह नामक एका रात्रवासी यक्षिणीचा सेनापती होतो. इलिडान हा तिचा जुना बंदी. हजारो वर्षे तिने त्याच्यावर पहारा केला, तो सुटला, आणि आता ती समुद्र ओलांडून त्याचा पाठलाग करीत आहे. आरंभी तिची बाजू न्यायाची वाटते. एका प्राचीन समाधीत छत कोसळू लागते तेव्हा विजयासाठी तिने एकटीने बाहेर निसटणे आवश्यक असते. तिची विश्वासू सहकारी आणि इतर मागे गाडल्या जातात. खेळाडू तिला पळवितो, तिच्या जादूच्या झेपा अचूक वेळी घेतो, आणि दाराबाहेर येताच विजयाचा ध्वनी वाजतो. त्या ध्वनीत काहीतरी चुकल्याची जाणीव प्रथमच होते. पुढे टिरांडे नावाची तिची सहयोगिनी नदीत वाहून जाते, आणि पाठलाग थांबू नये म्हणून मायेव्ह तिच्या प्रियकराला ती मेल्याचे खोटेच सांगते. न्यायनिष्ठा केव्हा सूडनिष्ठा झाली ते कळतही नाही. मग आठवे प्रकरण येते. त्यात खेळाडू ज्याचा पाठलाग करीत होता त्या इलिडानचीच सूत्रे त्याच्या हाती दिली जातात, कारण टिरांडेला वाचवावयास तोच पुढे येतो. ज्या बोटांनी सात प्रकरणे त्याला मारू पाहिले त्याच बोटांनी त्याला जिवंत ठेवावयाचे असते.

मर्ढेकरांनी ‘सौंदर्य आणि साहित्य’मध्ये लयीची जी तीन तत्त्वे मांडली, संवाद, विरोध आणि समतोल, त्यांपैकी विरोधलयीचे याहून शुद्ध उदाहरण कथात्मक कलेत शोधावे लागेल. कादंबरीकार दृष्टिकोन बदलतो तेव्हा वाचकाची केवळ जाणीव बदलते. येथे त्याचे हितसंबंधच बदलतात. दुसऱ्या मोहिमेत मायेव्ह शत्रू होऊन येते. तिने पकडलेल्या इलिडानचा पिंजरा खेळाडूला तिच्या हातून हिसकावून घ्यावयाचा असतो. तिचे डावपेच त्याला ठाऊक आहेत, कारण काही दिवसांपूर्वी ते त्याचे स्वतःचे होते.

ही दुसरी मोहीम मात्र तिन्हींत उणी आहे. तिचा नायक राजपुत्र केल्थास सर्वनाश झालेल्या जमातीचा वारस आहे, आणि त्याचा वरिष्ठ गॅरिथॉस त्याला मुद्दाम अशक्य कामे सोपवून मग राजद्रोहाच्या आरोपाखाली तुरुंगात टाकतो. गॅरिथॉस इतका सरधोपट खलनायक आहे की केल्थासचे परपक्षाला मिळणे हा निर्णय राहत नाही, ती निव्वळ सुटका होते. शोकान्त नायकाला दुसरा मार्ग खुला असावा लागतो. येथे लेखकांनी तो स्वतःच भिंत घालून बंद केला आहे. संवादांची भाषाही पुष्कळदा स्वस्त आहे. धमक्या, गर्जना आणि दैवाची भाकिते यांची तेथे एवढी रेलचेल आहे की जुन्या संगीत नाटकातील खलपुरुषसुद्धा त्यापुढे मितभाषी वाटावा. या कृतीचे श्रेष्ठत्व तिच्या शब्दांत नाही हे स्पष्टपणे मान्य केले पाहिजे. ते तिच्या नियमांत आहे.

याचा पुरावा तिसऱ्या मोहिमेत मिळतो. आर्थस आता राजा आहे, पण ज्या हिमबद्ध प्रेतसम्राटापासून त्याची शक्ती येते तो दूर उत्तरेस क्षीण होत चालला आहे. या प्रकारच्या खेळांत नायक प्रत्येक लढाईनंतर एकेक पायरी वर चढतो. अनुभव साठतो, विद्या वाढतात, आणि ही चढती श्रेणीच खेळाडूचा आनंद असते. येथे ती उलटी केलेली आहे. मोहिमेच्या आरंभी आर्थस सर्वोच्च पायरीवर असतो आणि प्रकरणागणिक खाली उतरत जातो. काल जी विद्या सहज वापरली ती आज हाती नाही. लढाई जिंकली तरी राजा दुबळाच होत जातो. हे कोणाच्याही तोंडून वदवून घ्यावे लागत नाही. खेळाडूच्या हातालाच ते जाणवते. आनंदवर्धनाने ज्याला ध्वनी म्हटले त्याचे क्षेत्र शब्दापुरते मर्यादित आहे असे मानण्याचे कारण नाही. शक्तीचा दर्शक खाली घसरणे हा वाच्यार्थ, आणि ज्याने आत्मा गहाण टाकला त्याचे पुरुषत्वही उसने होते हा व्यंग्यार्थ. दोन्हींमधले अंतर एका नियमाने भरून काढले आहे.

याच मोहिमेत मधूनमधून सिल्व्हॅनसची प्रकरणे येतात. मूळ खेळात आर्थसने तिला ठार करून पिशाच्च म्हणून उठविले होते, म्हणजे तेही खेळाडूनेच केले होते. आता ती दास्यातून मुक्त होते आणि खेळाडू तिच्या बाजूने आर्थसच्या राज्याचा एक मोठा तुकडा तोडून घेतो. तिची मुक्तता हा कथेतला एकमेव स्वच्छ विजय ठरेल असे वाटत असतानाच ती गॅरिथॉसला राजधानी परत देण्याचे वचन देते, त्याच्या माणसांकडून लढवून घेते, आणि काम होताच त्याचा वध करविते. गॅरिथॉसबद्दल कोणाला हळहळ वाटत नाही, पण सिल्व्हॅनसबद्दल वाटते. मुक्त झालेली दासी आपल्या धन्याचीच रीत शिकून बाहेर पडली आहे.

शेवट आइसक्राउनच्या हिमनगापाशी होतो. इलिडान सिंहासन नष्ट करावयास आला आहे, आर्थस ते राखावयास. चार स्तंभ एकाच वेळी आपल्या ताब्यात आणणारा जिंकतो, आणि ही लढाई खरोखर अवघड आहे. कित्येकांना ती अनेकदा नव्याने आरंभावी लागली असेल. ती जिंकल्यावर आर्थस एकटाच जिना चढू लागतो. उथर, जेना, पिता. ज्यांना ज्यांना त्याने गमावले त्यांचे आवाज त्याच्या कानी येतात. तो वर पोहोचतो, बर्फ फोडतो आणि शिरस्त्राण डोक्यावर चढवितो. या क्षणापासून आर्थस हा माणूस उरत नाही. खेळाडूने जी लढाई इतक्या कष्टाने जिंकली तिचे फळ म्हणजे नायकाचे नाहीसे होणे. दुसरा मार्ग होताच: हरणे. कित्येकदा तो हरलाही होता, आणि प्रत्येक वेळी हट्टाने परत आला होता. संपूर्ण कृतीचे नैतिक वजन या हट्टावर तोललेले आहे.

पुरवणीला जोडलेली रेक्सारची चौथी मोहीम वेगळ्या जातीची, भटकंतीच्या कथेच्या वळणाची आहे, आणि तिचा येथे विस्तार करण्याचे प्रयोजन नाही. तिच्या शेवटी जेना शांततेसाठी बाजूला होऊन स्वतःच्या पित्याचा मृत्यू घडू देते, एवढे नोंदविले म्हणजे पुरे. हीही त्याच ओळीची कडी आहे.

यावर एक आक्षेप संभवतो आणि तो हलका नाही. खेळाडूला नकार देता येत नसेल, स्ट्रॅथोमची कत्तल न करण्याची वाट त्याला मिळतच नसेल, तर त्याच्यावर अपराधाची जाणीव लादणे हे ढोंग नव्हे काय? खेळ बंद करणे हाच त्याचा एकमेव नकार. परंतु हा आक्षेप निवडीच्या स्वातंत्र्याला जितके महत्त्व देतो तितके श्रमाला देत नाही. या प्रकारात खेळाडूचे स्वातंत्र्य ‘काय करावे’ यात नसून ‘कसे करावे’ यात असते, आणि माणसाच्या आयुष्यातील बहुतांश दुष्कृत्ये याच अवस्थेत घडतात. आज्ञा वरून आलेली असते. तिच्यात आपले कौशल्य ओतणारा तो स्वतः असतो. त्याच संस्थेने २०१० मध्ये ‘स्टारक्राफ्ट’च्या दुसऱ्या खेळात एक प्रकरण असे रचले की ज्यात अखेरपर्यंत लढून सर्वांनी मरणे हाच शेवट आहे. अभिमन्यूची ही कथा मनाला भिडते खरी, पण ती अपवादाची जागा घेऊन बसते. भविष्याच्या दृष्टान्ताच्या नावाखाली ती सांगावी लागते, आणि दृष्टान्त संपला की खेळ पुन्हा जिंकण्याकडे वळतो. आर्थसच्या कथेला अशा आडोशाची गरज पडत नाही.

दिल्लीच्या रणभूमीकडे वळताना हा फरक महत्त्वाचा ठरतो. १७६१ चे पानिपत कोणी या घाटात बसवू म्हटले तर पहिला मोह भाऊसाहेबांना जिंकून देण्याचा होईल. मराठी मनाला तो गोड वाटेल आणि एका बैठकीत विसरलाही जाईल. ‘भाऊसाहेबांची बखर’ जी टिकून राहिली ती पराभवाच्या तपशिलावर. शेजवलकरांनी १९४६ मध्ये इंग्रजीत आणि १९६१ मध्ये मराठीत पानिपतचा जो शोध घेतला तो विजय कोठे निसटला याचा होता. आणि नीट पाहिले तर कडू विजयाचा आराखडा त्या मोहिमेत आयताच पडलेला आहे. १७६० च्या पावसाळ्यात भाऊंनी दिल्ली घेतली. हा विजयच होता. पण दिल्लीत पैसा नव्हता, आणि फौजेच्या पगारासाठी दिवाण-ए-खासच्या छताची चांदी उतरवून तिची नाणी पाडावी लागली. ‘द फ्रोझन थ्रोन’मध्ये फौजेचा आकडा पन्नासच्या वर गेला की खाणीतून येणाऱ्या दर दहा सोन्यातील सातच हाती पडतात, आणि ऐंशीच्या वर गेला की चारच, म्हणजे सैन्य जितके मोठे तितके दारिद्र्य अधिक. अद्भुताच्या राज्यासाठी रचलेल्या या नियमाला यात्रेकरू, कुटुंबकबिला आणि बुणगे यांच्या भाराने वाकलेल्या मराठ्यांच्या छावणीइतका यथार्थ संदर्भ दुसरा मिळणे कठीण. इतिहासाच्या खेळांनी हा नियम उचलला असता तर त्यांचे राजे अधिक खरे वाटले असते.

दिल्लीनंतर कुंजपुरा. १७ ऑक्टोबर १७६० रोजी मराठ्यांनी ते ठाणे जिंकले. धान्य मिळाले, द्रव्य मिळाले, अब्दालीचे मातबर सरदार हाती लागले. आणि बुराडी घाटावर त्याच वर्षी जानेवारीत पडलेल्या दत्ताजी शिंद्यांचे मस्तक कापणारा कुत्बशहाही सापडला. दत्ताजींचा सूड उगवला गेला. एखाद्या प्रकरणाच्या शेवटी खेळाडूला जे जे द्यावे ते सारे येथे एका दिवसात मिळाले आहे: रसद, खजिना, कीर्ती, आणि वैयक्तिक हिशेबाची पूर्तता. खेळाडूने ही लढाई मनापासून लढावी, उत्तम लढावी, आणि जिंकावी. पटावरील विजयाचा फलक झळकत असेल त्या वेळी सारी फौज कर्नालच्या बाजूला, यमुनेच्या वरच्या अंगाला गुंतलेली असते. दक्षिणेस, दिल्लीच्या आणि तिच्या दरम्यान, बागपतचा उतार आहे. त्या महिन्याच्या अखेरीस अब्दाली तेथेच नदी ओलांडून दिल्लीची वाट तोडणार आहे. नकाशाचा तो कोपरा अजून अंधारात असतो, आणि तिकडे एखादा स्वार टेहळणीस धाडावा असे या प्रकरणाच्या उद्दिष्टांत कोठेही लिहिलेले नसते.